सोलापुरात सगळे स्पेशालिस्ट एकाच पट्ट्यात का? तालुक्याला का जात नाहीत?

मी चौदा वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून हा जिल्हा फिरतोय, त्यामुळे रोज जे बघतो तेच सांगतो.

रेल्वे लाईन्स ते सात रस्ता या भागात एकदा सकाळी उभं राहून बघा. मागच्या महिन्यात मंगळवेढ्याकडच्या एक मावशी भेटल्या, पिशवीत फाईल, काखेत एक्स-रेचा मोठा लखोटा. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली ती पलीकडच्या गल्लीत झाली, रक्त खालच्याच लॅबला दिलं आणि रिपोर्ट येईपर्यंत मेडिकलच्या पायरीवर भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसल्या, तीनला परत डॉक्टर आणि पाचच्या एसटीनं गावाला. हे सगळं चालत जाण्याइतकं जवळ असलं तरच एका दिवसात उरकतं, नाहीतर मुक्कामाचा खर्च आणि रोजगाराचा आणखी एक खाडा.

डॉक्टरांचंही तेच. नव्या सर्जनला भूलतज्ज्ञ लागतो, रक्तपेढी लागते, रात्री दोनला उठून येणारा टेक्निशियन लागतो. भूलतज्ज्ञ तर एका दिवसात तीन-चार हॉस्पिटलं करतात, मग ते असतात तिथंच नवीन माणूस गाळा बघणार ना. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थतज्ज्ञानं 1890 मध्ये कारखान्यांबद्दल हेच लिहिलंय, एका धंद्याची माणसं एका जागी जमली की कसबी हात आणि पूरक धंदे आपोआप तिकडंच येतात. फरक एवढाच, चादर टेम्पोत भरून दिल्लीला पाठवता येते, ऑपरेशन नाही, तिथं माणसालाच यावं लागतं.

म्हणून गावात रोज लागणारं तेवढंच टिकतं, सलून, पिठाची गिरणी, किराणा. वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलकारानं 1933 मध्ये मांडलेलं गणित हेच, जी सेवा क्वचित लागते तिला लांबलांबची गिऱ्हाइकं गोळा करावी लागतात.

पण यावरून कुणी म्हणेल की शहराबाहेर असं काही जमतच नाही, तर ते मला पटत नाही. अक्कलकोट, पंढरपूर बघा, लॉज, खानावळी, प्रसादाची दुकानं, वडाप म्हणजे शेअर जीपवाले सगळे खेटून, कारण माणसं तिथं येतातच. आणि बार्शी तालुक्याचं गाव असून धाराशिव जिल्ह्यातले पेशंट तिकडं येतात, कारण तिथं हॉस्पिटलं, लॅब, डॉक्टर सगळं एकत्र जमलंय.

नुसती इमारत बांधून हे होत नाही हो. माझ्या फिरतीवरच्या एका गावात ऑपरेशन थिएटर चकाचक आहे, टेबलावर अजून प्लास्टिक तसंच, भूलतज्ज्ञ नाही म्हणून कुलूप, आणि बाळंतपणात अडलेल्या बाईला तिथून सोलापूरलाच पाठवतात.