ऋषिकेशला निघण्याआधी

अगं, 200 तासांचा निवासी योगशिक्षक कोर्स 4 आठवड्यांत म्हणजे, आठवड्याची एक सुट्टी सोडली तर, रोज आठ तासांच्या वर. आसनं हा त्यातला एक भाग. प्राणायाम, शरीररचना, तत्त्वज्ञानही असतं. खरा कस लागतो शिकवताना. ताडासन स्वतः करणं वेगळं, आणि टाचा कधी उचलायच्या, श्वास कधी सोडायचा हे दुसऱ्याला नेमक्या शब्दांत सांगणं वेगळं. आतापासूनच सकाळी रंकाळ्यावर मैत्रिणीला समोर उभं कर आणि मोठ्यानं सूचना देत जा. ऋषिकेशला मांसाहार मिळत नाही, तांबडा-पांढरा आधीच कमी कर. दुसऱ्या आठवड्यात मनगटं भरून येतात, कधी रडूही येतं. घाबरू नकोस. पण गुडघा, कंबर दुखली तर रेटू नकोस, त्याच दिवशी शिक्षकांना सांग.