शाफ्ट ड्राइव्हच्या (चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक चालवणाऱ्या) बाइकला ल्युब्रिकेशन लागतं का?

लागतं. चेनसारखी रोजची कटकट नाही इतकंच, पण ‘काहीच करावं लागत नाही’ या समजापायी गाड्या वाया जातात.

मागच्या चाकाशी फायनल ड्राइव्हमध्ये, म्हणजे शाफ्टची ताकद चाकाला देणाऱ्या गिअरच्या डब्यात, हायपॉइड गिअर ऑइल असतं. मॅन्युअलमधल्या किलोमीटरला ते बदला आणि सांगितलंय तेवढंच भरा. जास्त झालं तर सीलमधून झिरपून मागच्या टायरवर येऊ शकतं. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर बोटाने पुसून बघाच: राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप चालतो, चकचकीत कपचे निघाले तर गाडी मेकॅनिककडे न्या.

जास्त दुर्लक्ष होतं ते स्प्लाइनकडे, म्हणजे जोडावर एकमेकांत बसणाऱ्या दात्यांकडे. ग्रीस सुकलं की लालसर गंजाची पूड दिसते, मग दाते झिजतात. होंडा एसटी 1300 सारख्या गाडीत मागचं चाक काढलं की हे दाते समोरच असतात. टायर बदलताना तिथे मॉलिब्डेनम पेस्ट लावूनच चाक बसवून घ्या.