यादी ठेवा बाजूला, दोघांपासून सुरू करा

हवामान-न्यायावर, म्हणजे प्रदूषण नि हवामान-बदलाचा फटका कुणाला जास्त बसतो या प्रश्नावर, काम करणाऱ्या कृष्णवर्णीय कलाकारांची वीस नावं जमवलीत आणि सुरुवात कुठून करू असं विचारलंत, हे वाचून हसू आलं. मीही तेच केलं होतं आणि धड एकही काम पाहिलं नव्हतं. सध्या दोघंच पुरेत.

पहिली अमेरिकी छायाचित्रकार लाटोया रूबी फ्रेझर. 2014 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराला नदीचं पाणी द्यायला सुरुवात झाली आणि नळातून शिसं येऊ लागलं. 2016 मध्ये फ्रेझरने पाच महिने तिथल्या एकाच कुटुंबातल्या तीन पिढ्यांच्या बायकांचे फोटो काढले. एका फोटोत आई बाटलीतल्या पाण्याने लेकीचे दात घासून देतेय. त्यापुढे दहा मिनिटं बसा. पुढे 2019 मध्ये हवेतून पाणी काढणारं यंत्र फ्लिंटमध्ये आणायलाही तिने मदत केली. फोटो काढून निघून गेली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरा घानात जन्मलेला, ब्रिटनमधला चित्रपटकार जॉन अकोम्फ्रा. त्याचं 2015 चं ‘व्हर्टिगो सी’ हे चित्रफितीचं काम एकाच वेळी तीन पडद्यांवर चालतं: व्हेलची शिकार, गुलामांची जहाजं, समुद्र ओलांडणारे स्थलांतरित. सगळं एकदम दिसत नाही. सुटेल ते सुटू द्या.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- सगळ्यांना ‘आफ्रिकन’ म्हणणं. फ्रेझर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची आहे.
- हवामान म्हणजे फक्त तापमान समजणं. धूर, शिसं, पूर आधी कुणाच्या वस्तीत शिरतो, ते बघा.
- प्रत्येक कामात ‘संदेश’ शोधणं.

सिद्धांताची पुस्तकं इतक्यात नकोत. फ्लिंटचे फोटो पाहून झाले की सांगा, तिसरं नाव देतो.