वाचकांचे प्रश्न : गारपीट आणि द्राक्षबाग

प्रश्न : भर पावसाळ्यात सहसा गार पडत नाही, मग घड काढणीला आल्यावरच का पडते? इशारा साऱ्या नाशिक जिल्ह्याला असतो, तरी शेजारचं गाव कोरडं कसं राहतं? जाळी टाकली तर उपयोग होईल का? – एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी, म्हणजे हवेचं तापमान शून्याला पोहोचतं ती उंची, पाच-साडेपाच किलोमीटरवर असते आणि खालची हवा दमट, उबदार असते. त्यामुळे गार वाटेतच वितळते. उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे काढणीच्या वेळी, ही पातळी खाली असते. दुपारपर्यंत जमीन तापते, समुद्राकडून बाष्प येतं आणि उत्तरेकडून थंड हवा वरून सरकली की ढग झपाट्याने उंच वाढतो. वर जाणारा झोत गारेला तोलून धरतो, तिच्यावर बर्फाचे थर चढतात. म्हणून धोका बहुधा दुपारी तीननंतर. अडीच-तीन सेंटिमीटरची गार तासाला ४० ते ६५ किलोमीटर वेगाने आदळते. मणी फुटतात, काडीची सालही सोलते.

गारेचा पट्टा अनेकदा काही किलोमीटरच रुंद असतो. त्यामुळे जिल्ह्याच्या इशाऱ्यावर थांबू नका, हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज दुपारभर पाहत राहा.

जाळीचा उपयोग नक्की होतो, पण ती सपाट ताणू नका. सपाट जाळीत गारा मधोमध साचतात, झोळ पडतो आणि त्या वजनाने आधाराचे लोखंडी अँगलच वाकतात. ओळीवर जाळी उंच ठेवा, दोन्हीकडे उतार द्या आणि दोन ओळींच्या मध्ये गारा खाली पडायला फट ठेवा. कडेच्या खांबांचे ताण हंगामापूर्वी तपासा, वेलींचा मंडप कोसळतो तो बहुधा तिथूनच. नुसतं प्लास्टिक पाऊस अडवतं, मोठ्या गारांनी फाटतं.

गारपिटीनंतर फुटलेले मणी लगेच काढून बागेबाहेर न्या, कुजवा तिथूनच शेजारच्या मण्यांत शिरतो. घाईने फवारणी करू नका. काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस, मोडला तर निर्यातीचा माल औषधाच्या उरलेल्या अंशापायी नाकारला जातो.

प्रश्न : विजा चमकत असताना मजूर बागेतच थांबले तर चालेल का? – एक वाचक, दिंडोरी

उत्तर : अजिबात नाही. मंडपाच्या लोखंडी तारांतून विजेचा प्रवाह दूरवर जातो. चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा, तीनने भागा; तेवढ्या किलोमीटरवर वीज आहे. ३० सेकंदांच्या आत आवाज आला की काम थांबवा, पक्क्या घरात किंवा बंद टपाच्या गाडीत जा. झाड आणि पत्र्याची उघडी शेड टाळा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मुकादमाच्या फोनवर असू द्या.