मुलाच्या शाळेत स्ट्रिंग ऑर्केस्ट्राचा, म्हणजे व्हायोलिनसारख्या तारवाद्यांच्या वृंदाचा, तास सुरू होतोय. व्हायोलिन आणि बाकीचं सामान कसं निवडावं?

मुलगा पाचवीत आहे, शाळेनं यादी दिलीय: व्हायोलिन, बो (वाजवायचा गज), रोझिन, शोल्डर रेस्ट (व्हायोलिनखाली लावायचा खांद्याचा आधार), जादा तारा, स्टँड, पुस्तक, पेन्सिल. ऑनलाइन साडेतीन हजारांत हे सगळं एकत्र मिळतंय, ते घ्यावं का? आणि आजोबांचं जुनं व्हायोलिन माळ्यावर आहे, ते चालेल का? असे तुमचे दोन प्रश्न आहेत. माझी मुलगी पुण्यातच, सातवीत आहे आणि याच तासाचं तिचं हे तिसरं वर्ष. मी स्वतः वाजवत नाही. पण या तीन वर्षांत आमच्या घरी तीन व्हायोलिनं येऊन गेली, त्यातलं पहिलं पूर्णपणे वाया गेलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी माप. यादीत नुसतं ‘व्हायोलिन’ लिहिलेलं असतं आणि तिथेच घोळ होतो. व्हायोलिन पूर्ण (४/४), पाऊण (३/४), अर्धं (१/२), पाव (१/४) आणि त्याहूनही लहान मापांत येतं. अर्धं म्हणजे लांबीला अर्धं असा अर्थ नाही: पूर्ण मापाच्या व्हायोलिनचा मान सोडून उरलेला पोकळ भाग साधारण साडेपस्तीस सेंटिमीटर असतो, अर्ध्याचा एकतीस-बत्तीस. दिसायला फरक थोडा, पण दहा वर्षांच्या हाताला तो फार मोठा असतो.

माप घरीच घेता येतं. मुलाला सरळ उभं करा, डावा हात बाजूला आडवा, तळवा वर. मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत शिंप्याच्या टेपनं मोजा. ५८ सेंटिमीटर किंवा जास्त भरलं तर पूर्ण माप, ५६ च्या आसपास पाऊण, ५१ च्या आसपास अर्धं, ४६ च्या आसपास पाव. दुकानागणिक यात एखाद-दोन सेंटिमीटरचा फरक करतात, म्हणून आकडा मधोमध आला तर लहान माप घ्या. दुकानात गेल्यावर व्हायोलिन खांद्यावर ठेवून पुन्हा पाहा: डावा हात लांब केल्यावर व्हायोलिनच्या टोकाचं ते गोल वेटोळं बोटांच्या मुठीत सहज यायला हवं, आणि कोपर थोडं वाकलेलं राहायला हवं. हात ताठ करून जेमतेम पोचत असेल तर ते मोठं आहे.

आम्ही नेमकी उलटी गोष्ट केली. मुलं झपाट्यानं वाढतात, दहावीपर्यंत पुरेल, असा हिशोब करून पूर्ण मापाचं मागवलं. शाळेचा युनिफॉर्म आपण एक माप मोठा घेतो ना, तसंच. दोन आठवड्यांत ती खांदा दुखतो म्हणायला लागली. करंगळी चौथ्या तारेपर्यंत पोचतच नव्हती, त्यामुळे सूर कायम उतरलेला. मला वाटत होतं, नवीन आहे, येईल हळूहळू. सरांनी एकदा तिचा हात मोजला आणि शांतपणे सांगितलं, ‘हिला अर्धं द्या.’ अर्धं आल्यावर त्याच आठवड्यात तिचा सूर जागेवर आला. एक महिना ती स्वतःला दोष देत होती, आणि चूक आमच्या खरेदीची होती. हे मला अजून लागून राहिलंय.

तर तुमचा पहिला प्रश्न. ऑनलाइन संचात माप बरोबर असेल तरी तो सरळ शाळेत नेण्याजोगा नसतो. आमचं खोकं उघडलं तेव्हा तारांखालचा लाकडी ब्रिज, म्हणजे आपण सतारीला जी घोडी म्हणतो ती, आडवी पडलेली होती. मला वाटलं तुटून आलं. पण ती चिकटवलेली नसतेच, फक्त तारांच्या दाबावर उभी राहते, आणि प्रवासात मोडू नये म्हणून मुद्दाम पाडून पाठवतात. ती नेमक्या जागी, नेमक्या उंचीची उभी करणं हे जाणत्या हाताचं काम आहे. घोडी उंच राहिली तर तार दाबताना मुलाची बोटं दुखतात, फार बुटकी असेल तर तार खरखरते. खुंट्या नीट घासलेल्या नसतील तर सूर पाच मिनिटं टिकत नाही. या सगळ्याला दुकानदार ‘सेटअप’ म्हणतात. माझं मत विचाराल तर पैसा इथे घाला. साध्या व्हायोलिनला चांगला सेटअप आणि बऱ्या तारा मिळाल्या की ते लहान मुलाला पुरेसं होतं, आणि चकचकीत पॉलिशचं व्हायोलिन सेटअपशिवाय मुलाला रडवतं.

म्हणून शक्यतो हातात घेऊन बघता येईल असंच घ्या. लक्ष्मी रोड आणि बुधवार पेठेच्या बाजूला वाद्यांची दुकानं आहेत, पण तिथे हार्मोनियम-तबल्याचा भर जास्त असतो, तेव्हा जाण्याआधी फोन करून लहान मापाचं व्हायोलिन आहे का आणि सेटअप करून देतात का ते विचारा. पाश्चात्त्य वाद्यांसाठी कॅम्पात चौकशी करा. मुंबईला जाणं होत असेल तर धोबी तलावचा भाग या सामानासाठी जुना आहे. दुकानात गेलात की एवढं मागा: तारा खालच्या बाजूला जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीवर चारही तारांना बारीक स्क्रू, म्हणजे फाइन ट्यूनर, असलेलं व्हायोलिन. मोठ्या वादकांच्या वाद्याला तो बहुतेक एकाच तारेला असतो, पण मुलांनी खुंटी पिळली की तार तुटते. चार स्क्रू असले की रोजचं जुळवणं खुंटीला हात न लावता होतं.

दुसरं म्हणजे, नवं घेण्याआधी शाळेच्या वरच्या वर्गातल्या पालकांना विचाराच. मुलं वर्ष-दोन वर्षांत माप ओलांडतात आणि अर्धी-पाऊण व्हायोलिनं घरोघरी कपाटावर पडून असतात. आमचं अर्धं आठवीतल्या एका मुलाकडून आलं, आता ते पाचवीतल्या मुलीकडे गेलंय.

आता आजोबांचं व्हायोलिन. आपल्याकडे व्हायोलिन म्हटलं की बऱ्याच घरांत पं. प्रभाकर जोगांचं नाव निघतं, आणि आजोबांनी हौसेनं शिकलेलं ते हिंदुस्थानी पद्धतीचं असणार. ते जवळजवळ नक्की पूर्ण मापाचं असेल, म्हणजे आत्ता मुलाच्या हाताला मोठं. शिवाय त्याच्या तारा सा-पच्या हिशोबानं लावलेल्या असतील. ऑर्केस्ट्रात सगळ्या व्हायोलिनांच्या तारा जाड ते बारीक जी, डी, ए, ई या पाश्चात्त्य सुरांतच लागतात, त्यातली ए ४४० हर्ट्झला. पण ते टाकू नका. सेटअप करणाऱ्या माणसाला दाखवा, आत साधारण पेन्सिलीच्या जाडीची एक उभी काडी असते, साउंडपोस्ट, ती जागेवर आहे का ते तो आरशानं बघेल. ती पडलेली असेल तर तारा ताणू नका, वरचं लाकूड दबतं. तीन-चार वर्षांनी मुलगा त्याच व्हायोलिनवर वाजवेल, आणि तो दिवस आजोबांसाठी केवढा असेल.

रोझिनबद्दल वेगळं सांगते, कारण पहिल्या दिवशी आमचा जीव तिथेच गेला. मुलीनं बो तारेवर ओढला आणि आवाजच नाही. अजिबात नाही, नुसतं घसरणं. आम्हाला वाटलं, व्हायोलिन बिघडलंय. रोझिन म्हणजे आपली राळच, पाइनच्या झाडाची, गाळून वडी केलेली. बोला लावलेले घोड्याच्या शेपटीचे केस राळ लागल्याशिवाय तारेला धरत नाहीत. नव्या बोला राळ नसते, आणि नव्या वडीचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत असतो, त्यामुळे पाच-सहा वेळा फिरवून काहीच लागत नाही. बारीक पॉलिश पेपरनं वडी हलकी खरवडा, पांढरी पूड दिसली की बो टोकापासून टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा सावकाश फिरवा. पहिल्यांदाच एवढं, नंतर दोन-तीन दिवसांनी चार हात पुरतात. पूजेच्या सामानातली राळ वापरायचा मोह नको, वडी स्वस्तच मिळते. केसांना बोटं लावायची नाहीत, हाताचं तेल लागलं की तेवढा भाग मुका होतो. आणि वाजवून झालं की बोचा स्क्रू सैल करायचा. हे मुलाच्या अंगवळणी पडेपर्यंत तुम्हीच बघा, नाहीतर बोची काडी वाकडी होते.

शोल्डर रेस्ट व्हायोलिनच्या मापाचाच लागतो, पूर्ण मापाचा अर्ध्यावर बसत नाही. लगेच मिळाला नाही तर स्वयंपाकघरातला कोरा स्पंज दोन रबरबँडनी व्हायोलिनच्या पाठीला बांधा. आमच्या सरांनीच पहिले दोन महिने तसं चालवलं. जादा तारांतही तेच, पाकिटावर १/२ की ३/४ ते वाचून घ्या. सगळ्यात आधी तुटते ती ई, तिच्या दोन आणा. बदलताना एका वेळी एकच तार काढायची. चारही एकदम सोडल्या तर घोडी पडते आणि आतली काडीही पडू शकते.

व्हायोलिन ठेवायच्या पेटीवर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. आपली मुलं स्कूटरच्या मागे बसून शाळेत जातात, पेटी पाठीवर. दोन्ही खांद्यांना पट्टे हवेत, बाहेरचं कापड पाऊस झेलणारं हवं, वरून प्लास्टिकचं कव्हर शिवून घ्या. पुण्यातला पावसाळा व्हायोलिनला सोसत नाही. लाकूड फुगतं, खुंट्या घट्ट बसतात, आणि आमच्या व्हायोलिनचा कडेचा जोड दुसऱ्या जुलैमध्ये उघडला. उघडलेल्या फटीत घरचा फेविकॉल किंवा फेविक्विक भरू नका. व्हायोलिनचे जोड सरसानं चिकटवलेले असतात, ते ताणानं लाकडाआधी सुटावेत आणि पुन्हा जुळवता यावेत म्हणूनच. सिलिका जेलच्या दोन पुड्या पेटीत टाका. एप्रिल-मेमध्ये उलटं होतं, हवा कोरडी, खुंट्या सुटतात. उन्हात उभ्या गाडीत तर ते दहा मिनिटंही ठेवू नका.

पुस्तक शाळा सांगेल तेच घ्या, पण मुखपृष्ठावर कुठलं वाद्य आहे ते तपासा. एकाच मालिकेत व्हायोलिन, व्हायोला, चेलो, बास यांची वेगवेगळी पुस्तकं असतात आणि व्हायोलाची स्वरलिपी वेगळ्या चिन्हावर लिहिलेली असते. आणि मुलाला कुठलं वाद्य मिळणार हे शाळेनं अजून ठरवलं नसेल तर काहीच घेऊ नका, पहिला तास होऊ द्या. बोटं ठेवायच्या जागांवर पट्ट्या चिकटवायच्या असतात, त्याही सरांनाच चिकटवू द्या.

स्टँड घरच्या सरावासाठी साधा घडीचा पुरतो. पुस्तक पलंगावर ठेवलं की मान खाली जाते आणि व्हायोलिनही खाली घसरतं, म्हणून तो हवाच. पेन्सिल मऊ, टू-बी, खोडरबरासकट. ऑर्केस्ट्रात सगळ्यांचे बो एकाच दिशेनं जायला हवेत, त्यामुळे सर दर तासाला पानावर वर-खालीच्या खुणा करायला लावतात आणि निम्म्या मुलांकडे पेन्सिल नसते. आम्ही एक दोऱ्यानं स्टँडला बांधलीय आणि दुसरी पेटीच्या कप्प्यात कायमची ठेवलीय.