वाचकांचे प्रश्न : जुनी रिव्हॉल्व्हर, शिक्के आणि कागद

प्रश्न : वाड्याच्या जुन्या सामानात निघालेलं पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर मला विकत देऊ केलं आहे. वरच्या पट्टीवर ‘ब्रिटिश बुल डॉग’ असं कोरलंय. विकणारा म्हणतो, १८७५ सालचं, लंडनचं. चक्रीवर, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या भागावर, लंबगोलात ई-एल-जी ही अक्षरं आहेत आणि वर मुकुट. माल खरा आहे का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : जुना आहे, पण लंडनचा नाही आणि १८७५चाही नाही. लंबगोलातलं ई-एल-जी हा बेल्जियममधल्या लिएजच्या प्रूफ हाउसचा, म्हणजे शस्त्रांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा शिक्का. त्यावर मुकुट आला तो १८९३ पासून. म्हणजे तुमची वस्तू त्यानंतरची. बुल डॉग हे नाव वेब्ली या इंग्लिश कंपनीने १८७२ साली बाजारात आणलं. ते इतकं खपलं की बेल्जियम आणि अमेरिकेतल्या कारखान्यांनी तेच नाव आपापल्या मालावर कोरलं. नाव कोणीही कोरतं, शिक्का मात्र चाचणी घेणाऱ्याचा असतो. वय ठरवताना आधी शिक्का पाहावा.

इंग्लिश मालालाही हाच न्याय. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा जुना शिक्का म्हणजे एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड आणि मुकुट. १९०४ पासून मुकुटाखाली बी-पी, बी-व्ही आणि एन-पी ही अक्षरं आली. ‘१८८०चं आहे’ असं सांगून पुढे केलेल्या नळीवर मुकुट आणि बी-पी दिसलं, तर ती एकतर १९०४ नंतरची आहे किंवा नंतर पुन्हा तपासून घेतलेली. आणखी एक नेहमीची गफलत : वरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या रॉडा किंवा मँटन कंपनीचं नाव असलं की लोक त्यालाच बनवणारा समजतात. ते दुकानदाराचं नाव.

आता कायदा. ‘अँटिक आहे, परवाना लागत नाही’ या तोंडी हमीवर पैसे देऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुनाट धाटणीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. स्प्रिंग बदलली की चालेल, असं शस्त्र त्यात बसत नाही. २०२० साली नियमांत बदल होऊन ‘क्युरिओ’ (जुन्या, संग्राह्य वस्तू) गटातली शस्त्रं बाळगायला परवान्याची अट राहिली नाही, तरी ती वापरायला, जवळ घेऊन फिरायला किंवा इकडून तिकडे न्यायला परवाना लागतोच. तुमची वस्तू त्या गटात बसते का, हे परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्या : सोलापूर शहरात पोलीस आयुक्त, बार्शीसारख्या ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी. अमेरिकेतल्या लिलावांत १८९८ पर्यंत बनलेलं ते अँटिक असा हिशोब असतो. तो इथे चालत नाही.

प्रश्न : आजोबा फौजेत होते. त्यांच्या ट्रंकेत एक वेब्ली सापडलं, ‘मार्क सहा’, १९१७. सोबत चार काडतुसं. परवाना सापडत नाही. ठेवता येईल का? किंमत किती?
– एक वाचक, सदर बझार, सोलापूर

उत्तर : किमतीचं नंतर. आज ट्रंक बंद करा आणि कुलूप लावा. रिव्हॉल्व्हर उघडू नका, चाप किंवा घोडा ओढून पाहू नका. चक्रीत पाचवं काडतूस असू शकतं. हिरवा थर चढलेल्या काडतुसांना तेल लावू नका, घासू नका.

मार्क सहा १९१५ पासून सैन्यात आलं आणि त्याचं बोअर, म्हणजे नळीचं माप, .४५५. .३८० आणि .४५५ ही बुडाला कडा (रिम) असलेली सैनिकी काडतुसं ज्यात बसतात ती रिव्हॉल्व्हर आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे बोलीतल्या ‘पीबी’त मोडतात. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्यास शिक्षा सात ते चौदा वर्षं आहे. म्हणून शस्त्र पिशवीत घालून पोलीस ठाण्यात नेऊ नका. आधी ठाण्यात फोन करा, लेखी अर्ज द्या, काय सापडलं आणि कुठे ते लिहा, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे जमा करा. त्याच अधिनियमाच्या कलम २१ नुसार जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येतं, पण विलंब न लावता. पावतीवर बनवणाऱ्याचं नाव, बोअर, नंबर आणि काडतुसांची संख्या आलीच पाहिजे. ‘जुनं पिस्तूल, एक नग’ अशी पावती घेऊन घरी येऊ नका. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडून वारस म्हणून अर्ज करता येतो. ठाण्याच्या शस्त्र नोंदवहीत आजोबांचं नाव शोधायला सांगा. तिथून जुन्या परवान्याचा नंबर निघू शकतो.

जमा झाल्यावर परवानाधारक विक्रेत्याकडून या गोष्टी पाहून घ्या. नळी सहा इंच, म्हणजे १५२ मिलिमीटर भरते का. कमी भरली तर नळी बहुधा कापलेली आहे. चौकटीवरचा आणि चक्रीवरचा नंबर जुळतो का. रुंद बाणाच्या शिक्क्याखाली आय (I) हे अक्षर असेल तर शस्त्र हिंदुस्थान सरकारच्या मालकीचं होतं. टोकाला टोक लावलेले दोन बाण असतील तर ते सरकारी सेवेतून रीतसर बाहेर विकलं गेलं. चक्रीची मागची बाजू घासून पातळ केली असेल, तर .४५ ऑटोमॅटिकची काडतुसं बसावीत म्हणून केलेला तो उद्योग. मोल तिथेच घसरतं. ती काडतुसं वेब्लीला पेलणाऱ्या दाबापेक्षा जास्त दाब देतात, हे वेगळंच.

पाकिस्तानातल्या सरहद्दीकडच्या दर्रा आदम खेलच्या हातकामाच्या नकला ओळखायला भिंग पुरतं. उलटं एन, चुकलेलं स्पेलिंग, कलंडलेला मुकुट, ओळीत न बसणारी अक्षरं. सगळ्यात हमखास खूण : राणीचं ‘व्ही. आर.’ आणि खाली १९०१ नंतरचं साल. व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये वारली. कारागिराने जुना ठसा डोळ्यासमोर ठेवला, कॅलेंडर ठेवलं नाही.

प्रश्न : कोल्ट नेव्ही १८५१ हे अमेरिकी रिव्हॉल्व्हर, आठकोनी नळी, चक्रीवर जहाजांच्या लढाईचं कोरीवकाम. अडीच लाख सांगतात. इटालियन नक्कल कशी ओळखायची?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : अस्सल नेव्हीचं बोअर .३६, सहा गोळ्या, नळी साडेसात इंच, म्हणजे सुमारे १९० मिलिमीटर. चक्रीवरची लढाई १६ मे १८४३ ची आणि ती तारीख तिथे कोरलेली असते. कोल्टचा लंडनचा कारखाना १८५३ ते १८५६ चालला. त्या मालावर नळीवर लंडनचा पत्ता, चापाचं कडं आणि मागची पट्टी बहुधा लोखंडी, शिवाय लंडनचे प्रूफ शिक्के. अमेरिकी मालाचं कडं बहुधा पितळी. लंडनचा पत्ता आणि पितळी कडं एकाच शस्त्रावर असेल, तर ते अगदी सुरुवातीचं आहे की सुटे भाग जोडून उभं केलेलं, हे तपासा.

इटलीत १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून नकला बनतात. त्यांवर काळ्या दारूच्या चाचणीचा पी-एन शिक्का आणि १९७५ पासून चौकोनात दोन अक्षरांचं सालाचं चिन्ह असतं. फसवणारा हेच शिक्के कानशीने घासतो. म्हणून शिक्के असतात त्या भागाची कड चेहऱ्याजवळ धरून उजेडात तिरपी पाहा. घासलेल्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट होतो आणि शेजारच्या अक्षरांच्या कडा पातळ पडतात. स्क्रूचे आटे मोजा. मेट्रिक निघाले तर पुढे पाहायची गरज नाही.

मुद्दाम केलेलं म्हातारपण पकडायचं तर मुठीचं लाकूड काढून घ्या (हे काम विक्रेत्याचं). खऱ्या वस्तूत हात लागतो तिथे, म्हणजे मागची पट्टी, नळीचं तोंड, घोड्याचं टोक, इथला मुलामा उडतो आणि लाकडाखाली मूळ निळा रंग टिकतो. व्हिनेगरने ‘पिकवलेल्या’ वस्तूत खड्डे सगळीकडे सारखे, लाकडाखालीसुद्धा. चक्रीवरची जहाजं ठसठशीत आणि नळीचे कोपरे मात्र बोथट, असं असेल तर चक्री बदललेली. नळी, चौकट, कडं आणि मागची पट्टी, चारही ठिकाणचे नंबर जुळायला हवेत.

कंपनीच्या जुन्या नोंदींवरून पत्र मिळालं, तरी तो नंबर कारखान्यातून कधी बाहेर पडला एवढंच ते सांगतं. समोरच्या लोखंडावरचा नंबर खरा की नंतर ठोकलेला, हे पत्राला कळत नाही. आणि परदेशात चढ्या भावाने विकायचा बेत असेल, तर शंभर वर्षांहून जुनी पुराणवस्तू १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्याने खाजगीरीत्या बाहेर पाठवता येत नाही.

प्रश्न : गंज काढायला चिंच चालते का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : तांब्याच्या घागरीला चालते, याला नाही. चिंच, लिंबू, सँडपेपर, तिन्ही बाद. काळपट-तपकिरी, कडक थर ठेवायचा असतो. मोल त्यातच आहे. बोटाला लागणारा लाल गंज तेवढा काढायचा : मशीनचं पातळ तेल लावून २४ तास ठेवा, बांबूच्या चपट्या काडीने खरवडा, सुती कापडाने पुसा, वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. चामड्याच्या म्यानात ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातलं आम्ल लोखंड खातं. सोलापूरची हवा कोरडी असली तरी सप्टेंबरात पाऊस जास्त असतो, तेव्हा पेटीत सिलिका जेल बदलत राहा.

प्रश्न : मूठ हस्तिदंती आहे असं वाटतं. फायदा की तोटा?
– तेच वाचक

उत्तर : आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसली तर हस्तिदंत. हाडावर जाळी नसते, काळे ठिपके असतात. हस्तिदंत असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खालचं मालकी प्रमाणपत्र मागा, आणि प्रमाणपत्र असलं तरी विक्री बंद आहे, हे ध्यानात ठेवून सौद्यातून बाहेर पडा.