एकाच बाराने कान जातो का?

प्रश्न : डॉक्टर, सादर नमस्कार. आम्ही अकरा वर्षांपासून टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळ राहतो. आमच्या वस्तीत दोन घरफोड्या झाल्यानंतर यजमानांनी ९ मिलिमीटरचे पिस्तूल घेतले असून ते पलंगाशेजारच्या लहान तिजोरीत असते. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, ते इयरमफ (कान झाकणारे संरक्षक कप) लावतात. घरात मात्र "वेळ आलीच तर एखादी गोळी सुटेल, तिने कानाचे काय होणार? शिवाय कान झाकून घेतले तर चोराची चाहूल कशी लागणार?" असे त्यांचे म्हणणे आहे. आमची सात वर्षांची मुलगी शेजारच्या खोलीत झोपते. एका गोळीने खरोखर कान जातो का, आणि उशाशी इयरमफ ठेवावा का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : एका गोळीने माणूस ठार बहिरा होईलच असे नाही, परंतु एका गोळीने कानाला कायमची इजा होऊ शकते, आणि ती गोळी बंद खोलीत सुटली तर ही शक्यता वाढते. पिस्तुलाच्या आवाजाचे शिखर १६० डेसिबेलच्या आसपास जाते. साधे बोलणे ६० डेसिबेलचे धरले, तर दोहोंत केवळ १०० डेसिबेलचा फरक दिसतो. पण डेसिबेलची मोजपट्टी सरळ बेरजेची नाही. दर २० डेसिबेलला आवाजाचा दाब दहापट होतो, म्हणजे येथे कानावर येणारा दाब बोलण्याच्या एक लाख पट असतो. क्षणिक स्फोटासारख्या आवाजासाठी अमेरिकेतील कामगार सुरक्षेच्या नियमांनी १४० डेसिबेल ही मर्यादा मानली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी तीच मर्यादा सांगितली असून मुलांसाठी ती १२० वर आणली आहे. मोकळ्या मैदानात हा आवाज पसरून विरतो. शयनगृहात मात्र भिंती, छत आणि आरसे तोच आवाज पुन्हा पुन्हा कानाकडे परत पाठवतात.

"बार झाला, पण कानातून रक्त आले नाही, म्हणजे निभावले," असे पुष्कळांना वाटते. पडदा फाटण्यासाठी साधारण १८५ डेसिबेलचा दाब लागतो, त्यामुळे पिस्तुलाच्या आवाजाने तो सहसा शाबूत राहतो. घाव बसतो तो त्याच्या आत, शंखाकृती कर्णावर्तात, जेथे प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केसपेशी आवाजाच्या लाटांचे मज्जातंतूंच्या भाषेत रूपांतर करतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजात कानातील एक इवलासा स्नायू आखडून थोडे संरक्षण देतो खरा, पण त्याला जागे व्हायला पंचवीस-तीस मिलिसेकंद तरी लागतात आणि गोळीचा पहिला तडाखा त्याच्या कितीतरी आधी बसून गेलेला असतो.

आपल्या भाषेत "कानठळ्या बसल्या", "दडे बसले" असे आपण म्हणतो, ते या इजेचे नेमके वर्णन आहे. दडे तासा-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुटतात आणि कान बरा झाला असे वाटते. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले, की ऐकण्याची चाचणी पूर्ववत झाल्यानंतरही केसपेशी व मज्जातंतू यांच्यातील अनेक जोडण्या कायमच्या तुटलेल्या असू शकतात. माणसात हे किती प्रमाणात घडते यावर अद्याप चर्चा चालू आहे. तरीही दडे सुटले म्हणून काही झालेच नाही, हा निष्कर्ष मी तरी काढणार नाही.

यजमानांनी कदाचित असेही ऐकले असेल, की जिवावरच्या प्रसंगात गोळी झाडणाऱ्याला आवाज जाणवतच नाही. हा अनुभव अनेक पोलीस आणि सैनिक सांगतात आणि तो खोटा नाही. तथापि ते मेंदूचे काम आहे. भीतीच्या क्षणी मेंदू आवाजाची दखल घेत नाही. कर्णावर्तावर आदळणारा दाब त्यामुळे तसूभरही घटत नाही.

आता उशाशी काय ठेवावे, याविषयी. साधा इयरमफ घरात गैरसोयीचा ठरेल, हे यजमानांचे म्हणणे मला पटते. बाजारात इलेक्ट्रॉनिक इयरमफ मिळतात. त्यांच्या बाहेरच्या बाजूला मायक्रोफोन असतात, जे पावलांचा किंवा दाराच्या कडीचा बारीक आवाज वाढवून आत पोहोचवतात आणि आवाज ८५ डेसिबेलच्या आसपास गेला की तो पुढे जाऊ देत नाहीत. यात एक उणीव आहे, जी विक्रेते क्वचितच सांगतात. आवाज पुढून आला की मागून, वरून की खालून, हे ओळखण्यासाठी कानाची पाळी आणि तिच्या घड्या लागतात. त्या झाकल्या गेल्या की चाहूल लागते, पण तिची दिशा फसवी होते. म्हणून असा इयरमफ घेतल्यास तो घालून, हातात शस्त्र न घेता, रात्रीच्या अंधारात घरभर फिरून पाहावे. बॅटरीचे सेल दर काही महिन्यांनी बदलावेत, आणि इयरमफ तिजोरीत शस्त्राच्या वर ठेवावा, म्हणजे आधी तोच हाताला लागेल. तो सापडला नाही म्हणून जीव धोक्यात घालावा, असे मी म्हणत नाही.

याच कारणासाठी मला दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. सर्वांनी एका खोलीत जमावे, दार आतून लावून घ्यावे आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावून तो स्पीकरवर ठेवावा. अशा वेळी इयरमफ चढवायला अवधी मिळतो आणि मुलगी आपल्याजवळ असल्यामुळे तिचेही कान झाकता येतात. तिच्या मापाचा लहान इयरमफ वेगळा घ्यावा, कारण मोठ्यांचा मफ लहान डोक्यावर सैल बसतो आणि फटीतून आवाज आत शिरतो. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही : उघड्या कानांनी बंद खोलीत गोळी झाडल्यावर पुढची काही मिनिटे माणसाला जवळचे बोलणेही नीट ऐकू येत नाही. नेमक्या त्याच मिनिटांत दारात आलेले पोलीस "शस्त्र खाली ठेवा" असे ओरडत असतात.

घरात गोळी झाडण्याची वेळ बहुधा कधीच येणार नाही; रेंजवर मात्र यजमान वर्षाला शेकडो गोळ्या झाडत असतील. त्यांच्या कानाचा खरा हिशेब तेथे होणार आहे. छप्पर असलेल्या रेंजवर फोमचे बोळे आणि त्यांवर इयरमफ अशी दुहेरी योजना असावी. दोहोंच्या वेष्टनावर लिहिलेल्या आवाज-घटीच्या आकड्यांची बेरीज मात्र करू नये, कारण दुसऱ्या थरामुळे साधारण ५ डेसिबेलचीच भर पडते. फोमचा बोळा बोटांनी बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून आत सरकवावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. अर्धवट खोचलेला बोळा फारसा उपयोगी पडत नाही. चष्म्याची जाड दांडीही मफची कड उचलून धरते, हेही पाहावे.

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे असून कुडाळ तालुक्यात आमची भातशेती आणि काजूची बाग आहे. त्यांच्याकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरील एकनळी काडतुसी बंदूक आहे. रानडुकरे आणि माकडे हुसकावण्यासाठी ते बहुधा हवेतच बार काढतात. दोन वर्षांपासून त्यांच्या डाव्या कानात रातकिड्यासारखा आवाज येतो. नातवंडे बोललेली "ऐकू येतात, पण कळत नाहीत," असे ते म्हणतात. बंदूक उजव्या खांद्याला असते, मग डावा कान का बिघडावा? आई रोज कोमट खोबरेल तेल कानात घालते.
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : उजव्या खांद्याला दस्ता लावून मान तिरकी केली, की उजवा कान डोक्याच्या आडोशाला जातो आणि डावा कान नळीच्या तोंडाकडे वळतो. म्हणून उजव्या हाताने बंदूक चालवणाऱ्यांचा डावा कान आधी बिघडतो. डावखुऱ्यांमध्ये हे उलट दिसते. बारा बोअरच्या बंदुकीचा आवाज १५० ते १६५ डेसिबेलपर्यंत जातो. तुलनेसाठी सांगतो, की आपल्याकडील नियमानुसार फटाका जेथे फुटतो तेथून ४ मीटर अंतरावर त्याच्या आवाजाचे शिखर १४५ डेसिबेलच्या वर जाता कामा नये. बंदुकीची नळी तर कानापासून हातभरच दूर असते.

"ऐकू येते, पण कळत नाही" ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, की तपासणीआधीच आलेख डोळ्यांपुढे उभा राहतो. बंदुकीच्या आवाजाने प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासची ऐकण्याची क्षमता घटते आणि आलेखात तेथे खाच पडते. स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते ऐकू येतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत असल्यामुळे ती गळतात. लहान मुलांचा आवाज मुळातच बारीक असतो. त्यामुळे आजोबांना नातवाचा आवाज येतो आणि शब्द निसटतात.

वडिलांना लवकर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे आणि ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या क्षमतेचा आलेख, काढून घ्यावा. एकाच कानात नाद असेल, किंवा दोन कानांच्या आलेखांत बराच फरक आढळला, तर सर्व दोष बंदुकीच्या माथी मारून चालत नाही. श्रवणाच्या मज्जातंतूवर गाठ नाही याची खात्री करण्यासाठी डॉक्टर एमआरआय सांगू शकतात. झालेली हानी औषधाने भरून येत नाही, परंतु श्रवणयंत्राने बोलणे कळू लागते आणि अनेकांचा कर्णनादही त्यामुळे सुसह्य होतो. आईंना माझा नमस्कार सांगून तेल थांबवावे. शेताची राखण डोळ्यांत तेल घालून करावी. कानात घातलेले तेल कर्णावर्तापर्यंत पोहोचतच नाही, आणि पडद्याला भोक असल्यास त्याने कान फुटतो.

पुढील काळासाठी उपाय स्वस्त आहे. घरफोडीत पूर्वसूचना नसते, पण वडील बार काढण्यासाठीच बंदूक घेऊन निघतात, म्हणजे त्यांच्या हाती वेळ असतो. दोरी असलेले बोळे गळ्यात ठेवावेत आणि काडतूस भरण्याआधी ते कानात घालावेत. कापसाचे बोळे घालून समाधान मानू नये, त्यांनी आवाज जेमतेम कमी होतो. मांगराच्या दारात किंवा पडवीत उभे राहून बार काढू नये, कारण भिंत आणि छप्पर आवाज परतवतात. नातवंडे त्या वेळी शेजारी नसावीत. माकडांसाठी सुतळी बॉम्ब लावत असाल, तर त्यालाही हेच लागू आहे.

आणि असा प्रसंग पुन्हा घडून कान अचानक बंद झाला व दुसऱ्या दिवशीही तो सुटला नाही, तर आठवडी बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नये. अशा वेळी स्टेरॉइडची औषधे दिली जातात, आणि ती द्यायची असल्यास पहिल्या काही दिवसांतच द्यावी लागतात.

प्रश्न : मी पाच महिन्यांची गरोदर आहे. नवऱ्याबरोबर रेंजवर सराव करते. इयरमफ लावल्यास चालेल का?
— एक वाचक, ॲरिझोना

उत्तर : बाळंतपण होईपर्यंत थांबावे. इयरमफ आपल्या कानांचे रक्षण करतो, बाळाच्या नाही. ११५ डेसिबेलहून मोठ्या आवाजापासून गर्भवतींनी, कानाला संरक्षण असले तरीही, दूर राहावे असे अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेचे सांगणे आहे. शिवाय रेंजवरील हवेत आणि धुळीत शिसे असते, जे गर्भाला अपायकारक आहे. नवऱ्यानेही तेथून आल्यावर हात धुऊन, कपडे बदलून मगच घरात वावरावे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीहून पेनसिल्वेनियात राहायला जात आहोत. घरच्या बंदुकीला सायलेन्सर बसवला, तर कानाला काही लावण्याची गरज उरणार नाही, असे मित्र सांगतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाव सायलेन्सर असले तरी तो बंदूक मुकी करत नाही. तो साधारण २० ते ३५ डेसिबेल आवाज कमी करतो, म्हणजे १६० चे १२५ ते १४० होतात. गोळी ध्वनीहून वेगाने जात असेल तर तिचा स्वतःचा कडाका तसाच राहतो. तरीही ही घट अत्यंत मोलाची आहे, आणि नॉर्वे व फिनलंडमध्ये शिकारी हे साधन सर्रास वापरतात. याचा इतिहासही बोलका आहे : मशीनगनचा जनक हायरम मॅक्झिम आपल्याच तोफांच्या आवाजाने बहिरा झाला, आणि १९०९ मध्ये सायलेन्सरचे पेटंट घेतले ते त्याच्याच मुलाने, हायरम पर्सी मॅक्झिमने.

न्यू जर्सीत खाजगी व्यक्तीला सायलेन्सर बाळगता येत नाही, पेनसिल्वेनियात येतो. संघराज्याच्या १९३४ च्या कायद्यानुसार नोंदणी आणि मंजुरी मात्र तेथेही आवश्यक आहे. त्यावरील २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला असला, तरी नोंदणी रद्द झालेली नाही. तेव्हा आधी घर बदलावे, मग अर्ज करावा. आणि मंजुरी मिळाल्यानंतरही छपराखाली सराव करताना इयरमफ डोक्यावर असू द्यावा.